अंगठा लावून झाल्यावर

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. बहिणीला नाही. देवासमोर हात जोडून बसते तेव्हाही नाही, तिथे मी दुसरंच काहीतरी पुटपुटते. तुम्ही ओळखीचे नाही, म्हणून कदाचित जमेल. बघू.

भाईंदर पूर्वेला एका गाळ्यात स्टीलची भांडी बनतात, तिथे मी सुपरवायझर आहे. बायका मला तोंडावर ताई म्हणतात आणि पाठीमागे काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे. आवाज मोठा, स्वभाव खमका. लग्न होऊन रत्नागिरीहून आले तेव्हा अशी नव्हते, पण ते राहू दे. मी विषय टाळतेय, कळतंय मला.

आमच्याकडे संध्याकाळी सहाला बेल होते. बायका रांगेने हजेरीच्या मशीनवर अंगठा लावतात, म्हणजे मशीनच्या हिशेबी त्या घरी गेल्या. मग चहा येतो. चहा पिऊन सगळ्या पुन्हा कामाला बसतात — आठपर्यंत, कधी साडेआठ. त्याबद्दल शेठ हातावर काहीतरी टेकवतो, शिवाय दिवाळीला एक टोप. नवीन बाई आली की जुनी तिला शिकवते, आधी अंगठा, मग चहा, मग काम. कुणाला त्यात वावगं वाटत नाही.

मला मात्र माहीत होतं. दाराशी कायद्याचा मराठी फलक टांगलाय, टांगावाच लागतो. दर शनिवारी मी तो फडक्याने पुसते. दिवसाचे नऊ तास झाले की पुढच्या वेळेचा दुप्पट पगार. बायकांना सातनंतर थांबवायचं तर त्यांची संमती हवी, वरची परवानगी हवी. पुसता पुसता पाठ झालं होतं. कुणाला वाचून दाखवलं का मी? नाही. शेठने मला सुपरवायझर केलं होतं ना.

सुनंदा पॅकिंगला होती. मूळची परभणीकडची, काशीमीऱ्याला भाड्याच्या खोलीत राहायची. नवरा वारलेला, मुलगी कॉलेजात. त्या संध्याकाळी पत्रा दाबून झाकणं काढणाऱ्या प्रेसवरचा माणूस आला नव्हता आणि झाकणांची ऑर्डर अडली होती. चहा झाल्यावर मी सुनंदाला म्हटलं, "बस गं जरा प्रेसवर, सोपं असतं." साडेसात झाले असतील. मी पाठमोरी खोकी रचत होते — आणि प्रेसचा आवाज वेगळाच आला.

उजव्या हाताचा अंगठा गेला, आणि शेजारचं बोट.

शेठ बेव्हर्ली पार्कच्या घरून हॉस्पिटलात आला. मला जिन्यापाशी बोलावून म्हणाला, "मशीन में पंच तो छह बजे का है. साढ़े सात को वो उधर क्या कर रही थी, ये तुम सोचो ताई." मी विचार केला. फार करावा लागला नाही, हेच मला खुपतं. सुनंदा सहाला घरी गेली होती, डबा विसरला म्हणून परत आली आणि उगाच प्रेसला हात लावायला गेली. सरकारकडून चौकशीचे साहेब आले तेव्हा मी त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवून हेच सांगितलं. बायकांनी माना डोलावल्या. नोकरी कुणाला नको होती?

तुम्हाला वाटलं असेल, हेच ते. नाही. एवढं तर गाळ्यातल्या सगळ्यांनाच माहीत आहे. इथवर थांबले असते तर निदान — निदान काय? जाऊ दे.

साहेब दुसऱ्या दिवशी सुनंदाला भेटायला जाणार होते. ती खरं बोलली असती. खोटं बोलायला तिला कारणच नव्हतं. म्हणून मी आधी गेले. शेठने पाठवलं नव्हतं, आपणहून गेले. तिला प्रेसवर मी बसवलं होतं, ते माझ्यावर शेकलं असतं. शहाळं घेऊन गेले. पट्टी बांधलेला हात तिने उशीवर ठेवला होता. मुलगी औषधं आणायला खाली गेली तशी मी खुर्ची पुढे ओढली.

म्हटलं, "सुनंदा, तू रोज सहाला अंगठा लावून परत आत बसायचीस. ही सरकारची फसवणूक असते. साहेबांना कळलं तर केस तुझ्यावर होईल. आत टाकतील. पोरीकडे कोण बघणार मग?"

ती पांढरीफटक पडली. "मला काय माहीत ताई? सगळ्याच लावत होत्या की."

"सगळ्यांना कोण विचारतंय? हात तुझा गेलाय."

असं म्हटलं मी. त्या हाताकडे बघत.

"मग मी काय सांगू?" तिने विचारलं. मी तिला डब्याचं सांगितलं आणि तिच्याकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेतलं, लहान मुलाकडून पाढे घ्यावेत तसं. तिने ते साहेबांना न चुकता सांगितलं. अपघात कामावरचा नाही असं ठरलं. कामावरचा ठरला असता तर कामगार विम्याकडून, म्हणजे ईएसआयकडून, तिला आयुष्यभर दरमहा पैसे आले असते. हे मला माहीत होतं का? होतं.

जखम भरून आल्यावर शेठने तिला परत घेतलं, माझ्याच शब्दावर. पहिल्या दिवशी मशीन तिला ओळखेना. मीच तिचा डावा अंगठा धरून मशीनवर दाबला आणि नवी नोंद केली. ती रडायला लागली. म्हणाली, "ताई, तुम्ही नसता तर मी तुरुंगात असते." मुलीच्या लग्नात मानाची साडी तिने मला नेसवली. मी नेसले. फोटोत हसतेय मी.

आज सहाला बेल झाली. एक नवीन बाई रांगेत थबकली. "अजून काम राहिलंय ना, मग आत्ताच अंगठा कशाला?"

सुनंदा तिच्यापुढे होती. डावा अंगठा लावून ती मागे वळली. "ताई सांगतात तसं करायचं. ताईंनी मला वाचवलंय."

मी दोन हातांवर होते. नवीन बाई माझ्याकडे बघत होती.

मी म्हटलं, "चला, लावा पटापट. चहा गार होतोय."

तिने अंगठा लावला.