पंचशीला मॅडमचा तिसरा चौकोन

आज मी पंपांची नियंत्रणं डिझाइन करून पोट भरते, ते पंचशीला मॅडमच्या कृपेनं. मॅडम मूळच्या कंधारच्या. आई नागुबाईंनी मजुरी करून शिकवलेल्या. आवाज असा, की मागच्या बाकावरची झोप उडावी. उदगीरच्या आमच्या पॉलिटेक्निकात त्या यूएमएल शिकवायच्या. म्हणजे यंत्र किंवा प्रोग्रॅम बनवण्याआधी चित्रात मांडायची भाषा. चौकोन ही यंत्राची अवस्था, बाण म्हणजे ती कशामुळे बदलते. आम्ही पोरी पाठीमागं त्यांना 'चौकोनबाई' म्हणायचो.

२०१६चा उन्हाळा होता. उदगीर जिल्हा होणार, ही बातमी दरसालप्रमाणे आली होती, पाणी मात्र आलं नव्हतं. मॅडम आमच्या वसतिगृहाच्या रेक्टरही होत्या. लाइटीचा नेम नसल्यानं बोअरच्या मोटरला, सगळ्या गावासारखा, ऑटो स्विच लावलेला. लाइट आली की मोटर आपोआप सुरू. एकदा बोअर आटलेला असताना ती अशीच सुरू झाली, कोरडी फिरली आणि जळाली. नवी बसवली, पण संस्थेनं बजावलं, ही जळाली तर वसतिगृह बंद. बंद म्हणजे मी गावी, आणि गावी स्थळ तयारच बसलेलं.

मॅडमनी अंगणात खडूनं दोन मोठे चौकोन आखले, 'बंद' आणि 'चालू'. दोन बाण काढले, 'लाइट आली' आणि 'लाइट गेली'.

"सिंधु, तू मोटर. लाइट आली!"

माझी मैत्रीण सिंधु उडी मारून 'चालू'मध्ये गेली.

"आता पाणी संपलं. कुठं जाशील?"

सिंधुनं पायाखाली पाहिलं. तिथून पाण्यासाठी बाणच नव्हता. "मग मी हितंच जळू का, मॅडम?"

आम्ही खो खो हसलो. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी तिसरा चौकोन आखला, 'थांब, पाणी साठू दे'. 'चालू'तून त्यात जाणारा आणि त्यातून परत 'चालू'कडं येणारा, असे दोन बाणही काढले. "थांबणं येगळं, बंद पडणं येगळं. पण परत यायचा बाण पायजे, पोरींनो."

तेच चित्र त्यांनी कागदावर काढून सिद्धेश्वर वायरमनला दिलं. मोटर कोरडी फिरली की वीज कमी ओढते. तेवढ्यावरून तिला थांबवायचं आणि पाणी साठल्यावर पुन्हा सुरू करायचं. त्यानं वीज कमी झाली की मोटर तोडणारा रिले आणि ठरावीक वेळानं ती पुन्हा जोडणारा टायमर लावून पॅनल बसवलं.

त्याच दिवशी माझे वडील केरबा मला न्यायला आले. पाणी नाही तिथं पोरगी कशाला ठेवायची, हे त्यांचं म्हणणं. माझी पेटी त्यांच्या हातात होती. एवढ्यात मोटर सुरू झाली, थोडी चालली आणि गप्प झाली.

"जळाली बघ. चल," बाबा म्हणाले.

"चहा तरी घ्या," मॅडम म्हणाल्या.

चहा संपत आला तेव्हा टाकीत पुन्हा धार पडली. बटणाला कुणी हातही लावला नव्हता. बाबांनी उठून टाकीत डोकावून पाहिलं, मग अंगणातले ते चौकोन पाहिले. मॅडमचे उपकार काही फिटायचे नाहीत, हे मला तिथंच कळलं. बाबांनी पेटी उचलली आणि माझ्या खोलीत नेऊन ठेवली.

"मॅडम, पोरगी राहू द्या," ते म्हणाले. "लगीन थांबंल."