भाऊबीजेचे दहा रुपये

"ही लाइन खोडा, बाई," वासुदेव म्हणाला.

टेबलावर फुलस्केप कागद होता. त्यावर मी त्याच्या घरचा खर्च मांडत होते. समोर स्टुलावर वासुदेव, बाजूला त्याची बायको सुशीला. धान्य, रॉकेल, घरभाडं, दोन पोरींची फी, कर्जाचे हप्ते, असं सगळं बसवत बसवत आम्ही दिवाळीपर्यंत आलो होतो. 'भाऊबीजेची ओवाळणी' असं लिहून मी पुढे दहा रुपये मांडले होते. त्याचं बोट त्या दहावर होतं.

"काहून खोडू?" मी विचारलं.

"दहा रुपये घेऊन अनसूताईच्या दारात जाऊ? तिच्या जावा ताटात डोकावून पाहतेत. त्यापरीस न गेलेलं बरं."

"दहा काय कमी आहेत?" सुशीला म्हणाली. "ताई पैशासाठी वाट पाहते का?"

"तुले नाही समजत, वं."

एरवी लोकांना एक चहा कमी करा म्हटलं तरी त्यांचं तोंड उतरतं. हा माणूस आपण होऊन खर्च कमी करा म्हणत होता. मी ओळीवर आडवी रेघ मारली. पेन्सिलने मारली, म्हणजे पुढे पुसता येईल असा माझा हिशेब होता.

मी तेव्हा नागपूरच्या एका कापड मिलमध्ये लेबर वेल्फेअरला होते. सत्तरनंतरची वर्षं ती. वेल्फेअर म्हणजे काय, तर कॅन्टीनच्या वरणात पाणी जास्त झालं इथपासून ते कामगाराच्या घरात अबोला धरला गेला इथपर्यंत, जे दुसऱ्या कोणत्याच खात्यात बसत नाही ते सगळं. शिवाय कामगारांच्या बायकांसाठी शिवणवर्ग होता, तोही माझ्याच गळ्यात.

वासुदेव रेवतकर लूमशेडमध्ये होता, म्हणजे जिथे कापड विणतात तिथे. कामाला चोख. दारू नाही, पत्ते नाहीत. अशा माणसाच्या पगाराच्या पाकिटात त्या महिन्यात नोट नव्हतीच, नुसती चिल्लर वाजत होती. सुशीला ते पाकीट घेऊन शिवणवर्गाला आली, माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाली, "बाई, याच्यात महिना कसा काढाचा ते पहिले शिकवा. ब्लाउजची कटिंग मंग शिकवा."

पगार गेला होता भाचीच्या लग्नात. अनसूया ही वासुदेवची मोठी बहीण. आई लवकर गेली, तेव्हा हिनेच त्याला कडेवर घेऊन वाढवला. तिला दिली नरखेडकडच्या एका गावात. घर तालेवार. संत्र्याचा बगीचा, विहिरीवर मोटार, दीर मोटरसायकलवर फिरणारा. तिच्या पोरीचं लग्न निघालं आणि मामा म्हणून वासुदेवच्या अंगात आलं. आमच्याकडे मामाचा आहेर मांडवात चारचौघांसमोर मांडतात. बहिणीची मान खाली जाऊ नये म्हणून ह्याने नवरीला शालू, बहिणीला साडी, तिच्या तिन्ही जावांना साड्या, नवरदेवाला सुटाचं कापड, स्टीलची भांडी आणि वर एक टेबलफॅन दिला. ह्याच्या स्वतःच्या घरात पंखा नव्हता.

कापड गांधीबागेतून उधारीवर आलं. भांड्यांसाठी आणि पंख्यासाठी मिलच्या सोसायटीचं कर्ज काढलं, ते पगारातूनच कापलं जायचं. मग उरलेल्या पगारात भागेना म्हणून उचल सुरू झाली. उचल म्हणजे पुढच्या पगारातले पैसे महिन्याच्या मध्येच मागून घ्यायचे. ह्या महिन्याची उचल मागच्या महिन्याचं भोक बुजवते आणि पुढच्या महिन्याला तेवढंच नवं भोक पाडते. मी चांगली चांगली माणसं त्यात बुडताना पाहिली आहेत.

"ऋण काढून सण करायला कुणी सांगितलं होतं?" मी त्याला फटकारलं. माझं तोंड तसं तिखटच.

"सण नाही, बाई," तो म्हणाला. "मामा होतो मी."

मी फुलस्केप कागद पुढे ओढला.

पहिलं काम उचल बंद करणं. त्याच्याकडून मी तसा अर्जच लिहून घेतला आणि लेबर ऑफिसर देवधर साहेबांकडे नेला. त्यांनी तो दोनदा वाचला.

"उचल देऊ नका, असा अर्ज? कामगार स्वतः देतोय?"

"हो, सर."

"माझ्या नोकरीत पहिलाच. बाई, आपण मिल चालवतो की लोकांची स्वयंपाकघरं?"

"मिलच, सर. पण घरात चूल नीट पेटली नाही की माणसाचं लूमवर लक्ष राहत नाही. मग धागे तुटतात आणि तुम्ही त्याला मेमो देता."

त्यांनी सही केली. सोसायटीचा हप्ताही लहान करून दिला. अर्थात मुदत तेवढी लांबली.

दुसरं काम गांधीबाग. मी वासुदेवला घेऊन स्वतः दुकानात गेले. शेठ गादीवर बसले होते. त्यांना वाटलं, मी साडी घ्यायला आले. चहासुद्धा मागवला. खरं काय ते कळल्यावर चेहरा पडला, पण चहा परत पाठवला नाही.

"देखो मॅडम," ते म्हणाले, "आपल्याले जल्दी नाही. आदमी खरा आहे. पण पैसा महिन्याच्या महिन्याला पाहिजे, अन् जोवर जुना बाकी तोवर नया माल नाही."

"नवा माल त्याने मागितला तर मला कळवा," मी म्हटलं. "मीच येऊन त्याचे कान धरते."

शेठ हसले. वासुदेव खाली बघत राहिला.

मग सुरू झाली ती रोजची काटकसर. तिच्यात सांगण्यासारखं काही नसतं, म्हणून ती कुणी सांगत नाही. सिनेमा बंद. पान बंद. सायकलची ट्यूब पंक्चरवर पंक्चर लावून चालवायची. पोरींना दिवाळीला मिलच्या दुकानातल्या कटपीसचे फ्रॉक, ते सुशीलाने वर्गातच शिवले. हळूहळू वस्तीतल्या बायका तिच्याकडे ब्लाउज टाकू लागल्या. शेडमधले वासुदेवला चिडवायचे. "काय गा, बाईच्या शाळेत नाव टाकलं म्हणते? पाटी घेतली का?" तो हसून सोडून द्यायचा. महिन्याच्या महिन्याला कागद घेऊन माझ्याकडे यायचा. इतका सरळ विद्यार्थी मला दुसरा मिळाला नाही.

पहिली दिवाळी आली. भाऊबीजेच्या दिवशी लूमशेडमध्ये मोजकीच माणसं असतात. वासुदेवने आपण होऊन ड्यूटी मागून घेतली आणि बहिणीला पोस्टकार्ड टाकलं, रजा मिळाली नाही म्हणून.

"खोटं का लिहिलंस?" मी विचारलं.

"खोटं कुठं? ड्यूटीवरच आहो न मी."

थोड्या दिवसांनी नरखेडच्या बसने त्याच्याकडे संत्र्यांची टोपली आली. दरवर्षी यायची तशीच. त्यातली दोन तो माझ्या टेबलावर ठेवून गेला. गोड होती.

दुसऱ्या वर्षी सुशीलाच माझ्याकडे आली. "बाई, तुम्ही तरी सांगा ह्यांले. आता दहा काय, वीसही निघतीन माझ्या शिलाईतून."

मी त्याला बोलावून घेतलं. कागद काढला, खोडलेली ओळ दाखवली. "हे बघ, पेन्सिल आहे. पुसून टाकते. जाऊन ये."

"बाई, दोन सालानं जाईन अन् वीस रुपये टाकीन? मांडवात एवढा आहेर केला तो काय दाखवायले होता, असं म्हणतीन तिच्या जावा. हे सगळं फिटू द्या. मंग जातो न ऐटीत."

"मग निदान बहिणीला खरं काय ते कळव. कर्जात आहे म्हणून सांग."

तेव्हा त्याने पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं. "काय सांगू? तुह्या पोरीचं लग्न मी अजून फेडून राहिलो, असं सांगू? तिच्या घशाखाली घास उतरन का?"

खरं सांगायचं तर मला ते पटलं. माणूस स्वाभिमानी आहे, बहिणीला जपतोय, असंच वाटलं. आजही तो चुकीचं बोलत होता असं मला म्हणवत नाही. फक्त त्या बोलण्यात बहिणीला कुणी विचारलंच नव्हतं.

त्या वर्षी टोपली आली नाही.

"भाव चांगला असन ह्या साली," वासुदेव म्हणाला. "विकली असतीन सगळी संत्री."

सुशीलाने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा शिलाई मशीनचं पायडल मारू लागली.

तिसऱ्या दिवाळीच्या आधी सगळं फिटलं. सोसायटीचा शेवटचा हप्ता कापला गेला, शेठची उधारी संपली. पगाराचं पाकीट जाड झालं. वासुदेवने ऑफिसात संत्रा बर्फी वाटली. देवधर साहेबांनी दोन तुकडे उचलले आणि म्हणाले, "बाई, तुमचं स्वयंपाकघर पास झालं." मीही त्या दिवशी जरा मिरवून घेतलं. उचलीतून वर आलेला माणूस दाखवा म्हटलं तर आमच्या मिलमध्ये तो एकच होता.

भाऊबीजेला तो गेला. गांधीबागेतल्या त्याच शेठकडून रोखीने साडी घेतली, खिशात कोरी करकरीत शंभराची नोट, पायात नवी चप्पल. सुशीला आणि पोरीही बरोबर. मी म्हटलं, चला, एक काम तडीस गेलं.

सुट्टीनंतर तो माझ्या टेबलाशी आला तेव्हा हातात कागद नव्हता. स्टुलावर बसला आणि टेबलाची कड चोळू लागला.

"भेटली का ताई?" मी विचारलं.

"भेटली जी. चांगलं केलं सगळं. पुरणपोळ्या केल्या. पोरींले कपडे घेतले."

"मग असं तोंड का?"

तो सांगू लागला. संध्याकाळी अनसूयाने पाट मांडला, रांगोळी काढली, ताट तयार केलं. हा नवा सदरा घालून पाटावर बसला. ती निरांजन पेटवून ताट घेऊन आली आणि त्याच्यासमोरून तशीच अंगणात गेली. पश्चिमेला बीजेची कोर होती. तिने चंद्राला ओवाळलं. अक्षता टाकल्या, हात जोडले. मग आत येऊन भावाला ओवाळलं.

आमच्याकडे चंद्राला ओवाळते ती भाऊ नसलेली बाई. हे सगळ्यांना माहीत आहे, वासुदेवला मी सांगायची गरज नव्हती.

"मी म्हटलं, ताई, असं काहून करून राहिली? मी आलो न. तर म्हणते, दोन साल तोच आला रे वासू. आता तू आला म्हणून त्याले जा म्हणू का?"

"रागाने म्हणाली?"

"राग असता तं बरं होतं, बाई. हसून म्हणाली."

लग्नात तिच्या मोठ्या जावेने मामाचा टेबलफॅन मांडवातून उचलून आतल्या खोलीत ठेवला होता, येता-जाता पायात येतो म्हणून. वासुदेवने ते पाहिलंही नव्हतं. पण अनसूयाने पाहिलं होतं. भाऊ आला नाही, नुसतं रजेचं पोस्टकार्ड आलं, तेव्हा ती धरून चालली की त्याच्या आहेराचा अपमान झाला, म्हणून तो रागावला. पहिल्या वर्षी तिने संत्री पाठवली आणि उत्तराची वाट पाहिली. ह्याने पैसे वाचवायला उत्तरही लिहिलं नाही. दुसऱ्या वर्षी मोठ्या जावेशी तिचं भांडण झालं आणि एका घराच्या दोन चुली झाल्या. पंख्यावरून. कर्ज कुणाच्या डोक्यातच नव्हतं.

"आता तरी सांगितलंस का खरं?"

"सांगतलं. तं रडली. म्हणे, रिकामा आला असता तं मी तुले पाटावर बसवलं नसतं का?" तो उठला. "शंभराची नोट ताटातच राहिली. निघताना तिनं पोरींच्या हातात देऊन टाकली."

मी ड्रॉवरमधून त्याचा कागद काढला. त्या ओळीवरची पेन्सिलची रेघ तशीच होती. पुसली. पण त्याचा आता काय उपयोग होता?

पुढे वासुदेवचं घर नीट चाललं. पोरी शिकल्या. उचल त्याने पुन्हा कधी घेतली नाही, पंखाही आला. मी रिटायर झाले तेव्हा निरोपाच्या चहाला तो आला होता, डोक्यावरचे केस पांढरे झालेले. इकडचं तिकडचं झाल्यावर मी विचारलं, "ताई अजून पहिले चंद्रालाच ओवाळते?"

"हाव," तो म्हणाला. "मी दरसाल जातो. पाटावर बसून राहतो. तिचं अंगणातलं झालं की मंग माझा नंबर."

त्यानंतर मी वस्तीतल्या बायकांना घरखर्च मांडायला शिकवत राहिले, अजूनही कुणी आली तर शिकवते. सगळीकडे कात्री लावा म्हणते, मी काही मऊ झालेली नाही. फक्त भाऊबीजेच्या ओळीशी आलं की पेन्सिल खाली ठेवते. दहा असतील तर दहा घेऊन जा म्हणते, नसतील तर हात हलवत जा. पण जा.