कोणाचा मामा?

कुलगुरू झाल्यापासून माझ्या गाडीच्या डिकीत नारळ गडगडत असतात. ज्या महाविद्यालयात जावं तिथे शाल आणि नारळ. शाली बायको नातेवाइकांत वाटून टाकते, नारळांचा मात्र निकाल लागत नाही. वळणावर गाडी कलली की मागून आवाज येतो आणि आमचे ड्रायव्हर आरशात बघून म्हणतात, "साहब, इतना नारियल तो मंदिर में भी नहीं चढ़ता." ते गोंदिया शहरातले, पन्नाशीचे, मराठी सगळी समजते, पण बोलतात हिंदीच.

लोकांना वाटतं, कुलगुरू म्हणजे दिवसभर ग्रंथात डोकं घालून बसलेला माणूस. मी दिवसभर सह्या करतो. उरलेल्या वेळात फिती कापतो, निवेदनं घेतो आणि दीपप्रज्वलन करतो. घरी गेल्यावर बायको विचारते, "आज काय दिवे लावलेत?" तेव्हा निदान खरं उत्तर देता येतं. सह्यांचं म्हणाल तर रोज दोन ढीग येतात, सकाळचा आणि दुपारचा. पहिल्या वर्षी मी प्रत्येक कागद वाचत असे. दुसऱ्या वर्षी शेवटचा परिच्छेद वाचू लागलो. तिसऱ्या वर्षी कागदावर पिवळी चिठ्ठी कुठे लावली आहे एवढंच बघू लागलो. हे सांगायला लाज वाटते, पण पुढची गोष्ट त्याच चिठ्ठीची आहे.

गेल्या हिवाळ्यात अर्जुनी मोरगावच्या एका महाविद्यालयाने मला स्नेहसंमेलनाला बोलावलं. आदल्या दिवशीचं काम गोंदियात होतं, म्हणून सकाळी आम्ही गोरेगाववरून खाली निघालो. गोरेगाव माझा तालुका. त्या दिवशी तिथे आठवडी बाजार होता आणि गाडी बाजारात अडकली. पुढे एसटी, बाजूला मोटारसायकली, मध्ये लाखोरीच्या भाजीच्या टोपल्या. ड्रायव्हरांनी हॉर्न वाजवला तशी एक भाजीवाली उठून खिडकीपाशी आली.

"काऊन पों पों करून राहिला? तुहं इमान सुटून राहिलं का?"

तिचं 'इमान' म्हणजे विमान. मी मागे बसून मोठ्याने हसलो. फार दिवसांनी तसं हसू आलं. आमच्या घरात पोवारी, अंगणात झाडीबोली, बाजारात हिंदी आणि शाळेत पुस्तकातली मराठी, असा चार भाषांचा संसार होता. त्यातली झाडीबोली मी एका दिवसात टाकली. नोकरीच्या मुलाखतीला शहरात गेलो होतो. "सध्या काय करता?" असं विचारलं, मी म्हणालो, "शिकवून राहिलो." समितीतले एक गृहस्थ म्हणाले, "राहिलात? कुठे राहिलात?" सगळे हसले. मीही हसलो, नोकरीही मिळाली. पण त्या दिवसापासून मी 'राहणं' सोडलं. तीस वर्षं 'शिकवतो आहे', 'जातो आहे', 'येतो आहे' असं इस्त्री केलेलं बोलत आलो.

संमेलन आटोपलं, शाल-नारळ झालं आणि प्राचार्यांच्या खोलीत चहा आला. तेवढ्यात एक बाई आत आल्या. तिथेच तासिका तत्त्वावर भूगोल शिकवत होत्या. वय पस्तिशीच्या आतबाहेर, हातात प्लास्टिकची पिशवी. पिशवीतून त्यांनी एक झेरॉक्स काढून माझ्यासमोर ठेवली. संशोधनाच्या आराखड्यावरचा आमच्या समितीचा शेरा होता तो:

"'मामा तलाव' म्हणजे कोणाचा मामा? संशोधनात नातीगोती नकोत. शीर्षक अशास्त्रीय. नामंजूर."

खाली, पिवळी चिठ्ठी लावली असेल तिथे, माझी सही.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्या भागात धानाला पाणी देणारे जुने तलाव मालगुजारांच्या, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांच्या, काळातले. मालगुजारी गेली, तलाव राहिले. कागदावर ते 'माजी मालगुजारी' झाले, त्याचं आखूड रूप 'मा. मा.' आणि लोकांनी त्या दोन टिंबांना फाटा देऊन सरळ 'मामा' करून टाकलं. आज मामा तलाव म्हटलं की आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. शेरा लिहिणारे अधिष्ठाता दुसऱ्या टोकाच्या जिल्ह्यातले, त्यांना कळलं नाही. ते समजण्यासारखं आहे. मला तर कळायला हवं होतं! मी त्याच तलावांच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, उड्या मारत पोहायला शिकलो.

बाई म्हणाल्या, "मी आयकलं होतं, तुमी गोरेगावकडचे आहा. मंग तुमाले मामा तलाव काऊन नाही समजला जी?"

प्राचार्य कपातला चहा बघू लागले. मी खरं ते सांगितलं, "वाचलं नव्हतं." त्यांनी मान हलवली, जणू हेच उत्तर त्यांना अपेक्षित होतं. त्याचा मला जास्त राग आला, अर्थात स्वतःचाच.

पुढच्या बुधवारी त्यांची दुसरी आणि शेवटची संधी होती. दोनदा नामंजूर झालं की आमच्या नियमाने त्या विषयात पुन्हा अर्ज करता येत नाही. चार वर्षं त्या गावोगाव फिरून तलावांचं पाणी लोक आपसात कसं वाटून घेतात, पाणी सोडणारा पाणकर कसा नेमतात, कोणाच्या धानाच्या बांधीत आधी पाणी जातं, हे लिहून घेत होत्या. हे सगळं त्या बुधवारवर टांगलेलं होतं. मी शहाणपणाचा सल्ला दिला. "शीर्षक बदला. 'माजी मालगुजारी जलाशय' करा. काम होऊन जाईल."

"ते करून पायलं जी," त्या म्हणाल्या. "पयल्यांदा 'जलाशय' लिवलेला फारमच घेऊन गेली होती मी. तलावाच्या पाळीवर पाच म्हातारे बसले होते. इचारलं, तुमच्या गावात माजी मालगुजारी जलाशय आहे का? पाचही जण म्हणे, नाही बाई, आमच्या इथं असं काही नाही, जलाशय पायजे तं बोदलकस्याले जा."

"मग?"

"मंग काय! बोदलकसा माहं माहेर आहे. तिथूनच तं आली होती मी."

आता प्राचार्यही हसले. मला मात्र हसता हसता कळलं की आपण या बाईला तेच करायला सांगतो आहोत, जे आपण तीस वर्षांपूर्वी केलं. काम होतं, पण ज्यांच्याबद्दल लिहायचं ते लोक 'आमच्या इथं असं काही नाही' म्हणतात.

बुधवारी मी त्या समितीच्या बैठकीला गेलो. कुलगुरू तिथे सहसा जात नाही. त्यामुळे मी मागच्या खुर्चीवर बसलो तरी सगळ्यांच्या पाठी ताठ झाल्या. बाईंनी शीर्षक बदललं नव्हतं. पडद्यावर मोठ्या अक्षरात 'मामा तलाव' झळकत होतं. सुरुवात त्यांनी अगदी घोटून आणलेल्या पुस्तकी मराठीत केली. गाडी रुळावर होती. मग नकाशे आले, आपल्या गावांची नावं आली, रंग चढला आणि त्या बोलून गेल्या, "आजही लोक पाणी वाटून राहिले आहेत."

टेबलाच्या डाव्या कडेला कोणीतरी म्हणालं, "वाटून कुठे राहिले?"

दोघे-तिघे हसले. बाई थांबल्या. पडद्याकडे बघत राहिल्या, पुढचं वाक्य त्यांना सापडेना.

तोच विनोद! तीस वर्षांत त्याला एक नवा शब्दसुद्धा सुचला नव्हता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि तोंडातून निघालं, "काऊन हसून राहिले जी?"

अधिष्ठाता माझ्याकडे असे बघू लागले, जणू कुलगुरूंची तब्येत बिघडली असावी.

मी उभा राहिलो. म्हणालो, "मीही तिकडचाच आहे. त्या शेऱ्याखाली माझी सही आहे आणि ती मी न वाचता केली आहे. चूक आधी माझी. आता मी बाहेर जाऊन बसतो, कारण मी इथे असलो तर तुम्ही माझ्या तोंडाकडे बघून मंजूर कराल आणि ते यांनाही नको असेल. तुम्ही काम बघा. कच्चं असेल तर नामंजूर करा. पण शब्दासाठी करू नका."

बाहेरच्या बाकावर चाळीस मिनिटं बसलो. निकालाची वाट बघणारा विद्यार्थी कसा बसतो ते पार विसरलो होतो, ते आठवलं. ड्रायव्हर वर येऊन चौकशी करून गेले. आतून आधी अधिष्ठात्यांचाच आवाज येत होता, मग हळूहळू बाईंचा येऊ लागला, आणि शेवटी शेवटी त्यांचाच जास्त. एकदा हसण्याचा आवाज आला, पण या वेळी त्यात त्यांचंही हसू होतं.

दार उघडलं. आधी अधिष्ठाता आले. जरा ओशाळून म्हणाले, "मंजूर. शब्दाचा अर्थ तळटीप देऊन सांगायला सांगितलं आहे. आणि सर, ते पाणकर काय प्रकरण आहे हो? एकदा बघायला जायला हवं." मी म्हणालो, "चला की. आमच्या गाडीत जागा आहे, फक्त नारळ सांभाळावे लागतील."

त्यांच्यामागून बाई आल्या. पिशवी छातीशी धरलेली. माझ्यासमोर थांबल्या.

"झालं जी."

"तुमच्या कामाने झालं."

"ते तं हायेच," त्या म्हणाल्या. आमच्याकडे उगाच नम्रपणा करायची पद्धत नाही. मग त्यांनी पिशवीतून ती जुनी झेरॉक्स काढली, शेऱ्याच्या पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

"यायनं इचारलं होतं ना, कोणाचा मामा? तवा सांगता नाही आलं मले. आमच्याकडं लग्नात नवरीच्या मागं मामा उभा राहाते, तसे तुमी आज उभे राहिले. आता कोणी इचारलं तं सांगतो. माहा."

मी नुसते हात जोडले. तोंड उघडलं असतं, तर त्या मजल्यावरच्या सगळ्यांनी पाहिलं असतं की कुलगुरू रडून राहिला.