पाण्यातली बॅच आणि बबनचा मेमो

आमच्या मुरबाडच्या केमिकल कंपनीत किस्से शोधावे लागत नाहीत. लॅबच्या बेसिनमध्ये न धुतलेले बीकर साठतात, तसे आपोआप साठतात. यंदा तर कंपनीने पर्यावरणपूरक रसायनातल्या नवकल्पनेच्या पुरस्कारासाठी अर्ज केला. मग काय, चंगळच!

*

मुळात नवकल्पना बबनची. बबन किन्हवलीचा, आमचा कंत्राटी ऑपरेटर. आमचे कापडाचे रंग उग्र वासाच्या सॉल्व्हंटमध्ये बनायचे. एकदा त्या सॉल्व्हंटचा टँकर माळशेज घाटात अडकला आणि इकडे रिअॅक्टरमध्ये कच्चा माल पडलेला. रिअॅक्टर धुताना पाण्यातही रंग तयार होतो, हे बबनने कैकदा पाहिलं होतं. गड्याने सरळ पाणी सोडलं! मी लॅबमध्ये तपासलं, तर रंग नेहमीपेक्षा शुद्ध. रिपोर्ट घेऊन धावलो, तोवर मॅनेजरसाहेबांनी त्याला मेमो दिला होता: न विचारता डोकं चालवल्याबद्दल!

मेमो असला की आमच्याकडे माणूस कायम होत नाही. आठ वर्षं वाट पाहत होता बिचारा. मला अजून चीड येते. पाण्याची पद्धत मात्र कंपनीने लगेच कायम केली.

*

सॉल्व्हंट बंद झालं तसा कपड्यांचा वासही गेला. तिसऱ्या दिवशी बबनच्या बायकोने त्याला दारातच धरलं, "खरा सांगा, कामावरच जाता ना तुमी? कपड्यांना वास कसा नाय येत?"

*

अर्ज दीडशे पानांचा. सहा प्रती, पानन् पान लॅमिनेट केलेलं! मी म्हटलं, "साहेब, एवढं प्लॅस्टिक?"

"अरे, पर्यावरणाचं काम आहे, टिकायला नको?"

'नवकल्पना कोणाची' या रकान्यात साहेब, साहेबांचे साहेब आणि एचआरच्या मॅडम. मी बबनचं नाव सुचवलं. साहेब दचकलेच. "मेमोवाला माणूस? कमिटीवर काय इम्प्रेशन पडेल!"

*

कमिटी पाहणीला आली त्या दिवशी गेटपासून प्लांटपर्यंत कुंड्याच कुंड्या, सगळ्या कल्याणच्या नर्सरीतून भाड्याने. परीक्षकबाईंनी कौतुकाने विचारलं, "किती वर्षांची झाडं ही?"

नर्सरीचा माळी बोलून गेला, "संध्याकाळपर्यंतची!"

*

तरी पुरस्कार मिळाला. मुंबईच्या हॉटेलात समारंभ, साहेब नव्या सुटात. त्याच परीक्षकबाईंनी स्टेजवर विचारलं, "पाण्यात हे जमेल, हे सुचलं कसं?"

साहेबांना घाम फुटला. "आमच्या ऑपरेटरकडूनच ऐका ना," म्हणत त्यांनी बबनला फोन लावला आणि स्पीकर माईकपुढे धरला. "बबन, त्या दिवशी रिअॅक्टरमध्ये पाणी का सोडलंस रे? सांग."

हॉल कान देऊन बसला.

"चूक झाली साहेब," बबन म्हणाला. "परत डोका नाय चालवनार!"