बी बाजूची नक्कल

आमच्या घरातलं आजवरचं सगळ्यात मोठं नुकसान मी केलं, आणि ते नुकसान होऊ नये म्हणून केलं.

पंचाऐंशी-शहाऐंशीचा सुमार असेल. मी नुकताच फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालो होतो आणि रत्नागिरीतल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटर म्हणून चिकटलो होतो. (डेमॉन्स्ट्रेटर म्हणजे मुलांनी बिघडवलेलं यंत्र सरांच्या आधी शोधून कपाटात लपवणारा माणूस.) पण झाडगावात आमच्या घरी मात्र मी शास्त्रज्ञ होतो. इस्त्री बंद पडली की आई म्हणायची, "बाळू येऊ दे कॉलेजातून." मग बाळू यायचा, इस्त्री उघडायचा आणि आळीतले दिवे घालवायचा. तरी घरच्यांचा विश्वास काही ढळला नव्हता. तो कसा ढळला, तेच सांगतोय.

माझा थोरला भाऊ, म्हणजे दादा, मालवाहू बोटीवर होता. एकदा गेला की आठ-आठ महिने तोंड दिसायचं नाही. पत्र लिहायचा त्याला भयंकर कंटाळा, त्यामुळे तो कॅसेटवर बोलून कॅसेटच पोस्टाने पाठवायचा. तिची ए बाजू सगळ्यांसाठी. बोटीवरचं जेवण, बंदरं, वादळं, "बाळू अजून तसाच आहे का" वगैरे. आणि बी बाजू फक्त वहिनीसाठी. ए बाजू संपताना दादा स्वतःच बजावायचा, "आता सगळ्यांनी उठा. बाळू, तूसुद्धा." मग वहिनी टेपरेकॉर्डर घेऊन आतल्या खोलीत जायची, दार लावून घ्यायची, आणि आई आणि मी पडवीत बसून आपल्याला काहीच ऐकू येत नाही असे चेहरे करायचो.

अण्णा, म्हणजे आमचे वडील, ए बाजूलाही हजर नसायचे. दादाने सरकारी कचेरीतली कायमची नोकरी सोडून बोट धरली, तेव्हापासून अण्णांनी त्याच्याशी अबोला धरला होता. पोरगा हजारो मैल लांब आणि हे इथे अबोला धरून बसलेले, म्हणजे त्या अबोल्याचा त्रास फक्त आम्हाला. कॅसेट सुरू झाली की अण्णा तांब्या उचलायचे आणि मागच्या अंगणात जास्वंदीला पाणी घालायला जायचे. श्रावणातसुद्धा. एका हातात छत्री, एका हातात तांब्या, आणि वरून धो धो पाऊस.

त्या वर्षी वहिनीला सातवा महिना होता. बाळंतपणासाठी ती गुहागरला माहेरी जायची होती, आणि दादाला काही तेव्हा सुट्टी मिळणार नव्हती. हे कळवणारी जी कॅसेट आली, तिची बी बाजू वहिनी रोज दुपारी ऐकायची. त्याबद्दल ती कधी अवाक्षर बोलली नाही, पण कॅसेट तिच्या उशीखाली असायची. माहेरी जाताना न्यायच्या सामानात तिने सगळ्यात आधी काय काढून ठेवलं असेल, तर ती कॅसेट. पुढचे चार-पाच महिने नवऱ्याचा आवाज म्हणून तिच्याजवळ तेवढंच असणार होतं.

आता रत्नागिरीची हवा. पावसाळ्यात आमच्याकडे चपलांना बुरशी येते, चामड्याच्या पट्ट्याला येते, माझ्या डिग्री सर्टिफिकेटलासुद्धा आली होती. एके दिवशी त्या कॅसेटमधला दादा विहिरीत पडून बोलतोय असा आवाज यायला लागला. मी बघितलं तर फितीवर पांढरी बुरशी. कापसाच्या बोळ्याने फीत पुसली, दादा विहिरीतून वर आला, आणि वहिनीच्या जिवात जीव आला. तिथेच थांबायला हवं होतं. पण मी शास्त्रज्ञ ना. मी म्हणालो, "हिची एक नक्कल काढून ठेवायला हवी."

"म्हणजे?" आईने विचारलं.

"म्हणजे दोन टेपरेकॉर्डर समोरासमोर ठेवायचे. एकात दादाची कॅसेट लावायची, दुसऱ्यात कोरी. एक बोलेल, दुसरा भरून घेईल. उद्या हिला काही झालं, तर ती आहे."

वहिनी जरा घुटमळली. "पण भाऊजी, ही बी बाजू आहे."

"मी ऐकणारच नाही. बटणं दाबतो, दार लावतो नि बाहेर येतो."

"आणि नीट भरत्येय की नाही, ते कोण बघणार?"

"त्यात काय बघायचंय? यंत्र आहे ते."

शेजारच्या सुर्वेकाकूंचा मुलगा मस्कतला होता, त्यामुळे त्यांच्याकडेही टेपरेकॉर्डर होता. तो मी मागून आणला. रविवारी सकाळी आतल्या खोलीतल्या पलंगावर दोन्ही यंत्रं समोरासमोर बसवली, बटणं दाबली, दार ओढून घेतलं आणि पडवीत येऊन बसलो. अण्णा बाजारात गेले होते. आतून दादाची पुटपुट ऐकू येत होती, शब्द कळत नव्हते. मध्येच आई म्हणाली, "कोणी खोकलं का रे आत?"

"मोटरचा आवाज," मी म्हणालो.

"मोटरला कफ झालाय मेल्या?"

मी हसलो. प्रयोगाबद्दल अडाणी माणसं असलंच काहीतरी विचारतात.

अर्ध्या तासाने नक्कल तयार झाली. आता ती तपासायला तर हवी, पण ऐकायची नाही. मी त्यावरही तोड काढली. आवाज अजिबात बंद केला, कॅसेट चालवली आणि चाकं फिरतायत हे डोळ्यांनी बघितलं. फिरत होती. नक्कल उत्तम निघाल्याचं मी वहिनीला सांगितलं.

पुढच्या रविवारी वहिनीचे वडील, तात्या, तिला न्यायला यायचे होते. त्याच्या आदल्या दिवशी माझ्या डोक्यात आलं की एक नक्कल पुरेशी नाही. घराला आग लागली तर? एक नक्कल कॉलेजातल्या कपाटात असावी. (आमच्या घराला आजतागायत आग लागलेली नाही. कॉलेजातल्या कपाटाचं दार मात्र त्याच महिन्यात निखळलं.) पुन्हा दोन्ही यंत्रं पलंगावर ठेवली, पुन्हा दार लावलं, पुन्हा आम्ही पडवीत.

"आज काहीच ऐकू येत नाही," आई म्हणाली.

"दार घट्ट लागलंय," मी म्हणालो.

आता शहाण्या माणसाला इथेच कळलं असेल. मला कळायला रविवारची सकाळ उजाडावी लागली. तात्या सकाळच्या गाडीने आले होते, पडवीत अण्णांबरोबर बसून सुपारी खात होते. दुपारी दोनची परतीची गाडी धरायची होती. बॅग बंद करायच्या आधी एकदा ऐकावं म्हणून वहिनी कॅसेट घेऊन आत गेली, आणि पाच मिनिटांत बाहेर आली. चेहरा पांढराफटक.

"भाऊजी, यात पाल आहे."

"कॅसेटमध्ये?"

"पालीचा आवाज आहे. आणि घड्याळाचा. हे कुठेच नाहीत."

मी खोलीत जाऊन ऐकलं. टिक टिक टिक, मग एकदा चुक चुक, मग पुन्हा टिक टिक. लाल बटण मी ज्या यंत्राचं दाबलं होतं, त्यात दादा होता. आणि ज्याच्यातून दादा बोलायला हवा होता, त्यात होती कोरी कॅसेट. कोरी कॅसेट अर्धा तास गप्प बसली, आणि दादाच्या कॅसेटने ती गप्प खोली मन लावून भरून घेतली. दादाचं बोलणं पुसून तिथे आमची पाल बसली होती.

वहिनी बॅगेवरच बसली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. तिने फक्त विचारलं, "आता?" आणि मला स्वतःच्या बी.एस्सी.ची मनापासून लाज वाटली.

"तुला कोणी सांगितलं होतं रे यात कडमडायला?" आई कडाडली. "सात महिन्यांची पोटुशी पोर, तिच्याजवळ तेवढाच आवाज, तोही घालवलास?"

"नक्कल आहे," मी म्हणालो. "पहिली नक्कल आहे ना. तिच्यासाठीच काढली होती."

आमच्या यंत्रात काही घालायची आता माझी हिंमत नव्हती. धावत जाऊन सुर्वेकाकूंचा टेपरेकॉर्डर पुन्हा आणला, नक्कल घातली आणि वहिनीच्या हातात दिला. तिने आत जाऊन दाराला कडी लावली. आम्ही पडवीत बसून काहीच ऐकू न येण्याचे चेहरे केले. पण एक गोष्ट राहून गेली होती. सुर्वेकाकूंना कमी ऐकू यायचं, आणि त्यांच्या टेपरेकॉर्डरचं आवाजाचं बटण टोकापर्यंत फिरवलेलं होतं.

"हॅलो," दादा गरजला. मागच्या गल्लीतलं कुत्रं भुंकायला लागलं. "ऐकू येतंय ना?"

आणि त्याच्याहून मोठ्या आवाजात दुसरं कोणीतरी म्हणालं, "येतंय. ओरडू नकोस."

तात्यांचा सुपारीचा हात तोंडाशीच थांबला. "व्याहीबुवा, हा तुमचाच आवाज."

"नसेल," अण्णा म्हणाले.

आत वहिनी बटण शोधत असावी, कारण काहीतरी धाडकन पडलं. पण दादाचं चालूच. "जेवण जातं का नीट?"

"जातं. तुझी आई मीठ कमी घालते."

"पाय सुजतात का अजून?"

"सुजतात. डावा जास्त."

आई अण्णांकडे वळली. "पाय सुजतात? आणि मला सांगायची सोय नाही?" अण्णांनी अडकित्ता उचलला आणि एक सुपारी अशी बारीक कातरायला घेतली, की तिचं पीठ व्हावं. त्या पहिल्या रविवारी काय झालं असावं ते आता माझ्या टाळक्यात शिरलं. अण्णा बाजारातून मागच्या दाराने आले, पंचा घ्यायला आतल्या खोलीत गेले, आणि तिथे पोरगा बोलत होता. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. मग बसले पलंगावर आणि बोलले. बी बाजू कोणासाठी असते हे त्यांना कोण सांगणार? ते कायम जास्वंदीपाशी.

"दुपारी जरा पडत जा," दादा म्हणाला.

"बरं."

"राग आहे ना माझ्यावर? मी येत नाही म्हणून?"

अडकित्ता थांबला. आतल्या अण्णांनीही बराच वेळ घेतला. मग म्हणाले, "होता. किती दिवस धरायचा."

"इथे संध्याकाळ झाली की घराची फार आठवण येते."

"मग येऊन जा की रे. मी त्या जास्वंदीला किती पाणी घालू?"

पडवीत कोणी कोणाकडे बघेना. आईने पदर डोळ्याला लावला. तात्या उगाच आढ्याकडे बघत राहिले. मलाही भरून आलं, खोटं कशाला बोलू. पण दादाला हे काहीच माहीत नव्हतं, त्यामुळे तो आपला पुढे गेला. "आणि ऐक, ती निळी साडी आहे ना, ती नेसून एक फोटो काढून पाठव."

कॅसेटवर दोन क्षण काहीच नाही. मग एक खोकला. (आईला ऐकू आलेला, तो हाच.) मग अण्णांचा आवाज, अगदी हळू, "हे काही आपल्यासाठी दिसत नाही." पाठोपाठ पावलं, आणि दाराची करकर.

त्यानंतर दादा एकटाच बोलत होता, पण तेवढ्यात वहिनीला बटण सापडलं. कडी निघाली. ती बाहेर आली, ती रडत होती की हसत होती ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. कॅसेट पदरात घट्ट धरली होती.

"भाऊजी, मी हीच नेत्ये," ती म्हणाली. "ती पालीची राहू दे तुम्हाला."

अण्णा उठले. मला वाटलं आता तांब्या उचलतात. पण त्यांनी वहिनीची बॅग उचलली. "चला, गाडी चुकेल," म्हणाले, आणि चालायला लागले. आई मागून धावली, "अहो, पाय. डावा पाय," आणि स्टँडवर पोचेपर्यंत ती बॅग दोघांच्या हातातून चारदा इकडची तिकडे झाली.

वहिनीने गुहागरहून दादाला पत्र लिहिलं. त्यात कॅसेटवरचं सगळं संभाषण शब्दन् शब्द उतरवून काढलं होतं, साडीसकट. ती दोन महिन्यांच्या पुतणीला घेऊन परत आली, त्याच आठवड्यात दादाची कॅसेट आली. बी बाजूवर लिहिलं होतं, "अण्णांसाठी." सोबत चिठ्ठी होती. कॅसेटच्या कडेला दोन बारीक पाकळ्या असतात, त्या मोडल्या की तिच्यावर पुन्हा काही भरता येत नाही, असं दादाने सविस्तर लिहिलं होतं. पुढे, "बाळूच्या हाती लागेल म्हणून दोन्ही मीच मोडून पाठवतोय." हे मला फिजिक्सच्या तीन वर्षांत कोणी शिकवलं नव्हतं.

अण्णांनी कॅसेट उचलली, आतल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. आम्ही पडवीत बसून चेहरे केले. बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग आतून हाक आली, "अरे, हे चालू कसं करायचं?"

मी ताडकन उठलो. आईने माझा सदरा मागून धरला आणि मला खाली बसवलं. "तू बस. मी जात्ये."

माझा पडलेला चेहरा बघून वहिनीला दया आली असावी. तिने पुतणीला अलगद माझ्या मांडीवर ठेवलं. "धरा हिला, भाऊजी. फक्त कुठे काही दाबू नका."

मी देवाशपथ काही दाबलं नाही. तरीही ती सुरू झाली.