आधी तोंड, मग आवाज

माळ्यावरून आबांची पिशवी खाली आलेली दिसली. पिशवी जुनी, रेक्झिनची, चेन अर्धीच लागणारी. ती त्यांच्या खुर्चीशेजारी भिंतीला टेकवून ठेवलेली होती. आत काहीच नव्हतं. पण माळ्यावरची पिशवी उगाच खाली येत नाही. शिवाय ती काढायला आबा स्टुलावर चढले असणार, कारण घरात दुसरं कोणी नव्हतं.

आबा म्हणजे माझे वडील. वय ब्याऐंशी. धुळ्याच्या एका जिनिंगमध्ये आयुष्यभर फिटर होते. कापसातून सरकी वेगळी करणारे रेचे दिवसभर खडखडत, त्या खडखडाटात त्यांचे कान गेले. आई वारल्यावर दोन वर्षं ते धुळ्यातच एकटे राहिले. मग गेल्या हिवाळ्यात न्हाणीघरात चक्कर येऊन पडले. सकाळी दूधवाल्याने दार वाजवून वाजवून शेवटी शेजाऱ्यांना बोलावलं, तोवर तीन तास ते ओल्या फरशीवर पडून होते. मी एकुलती एक. त्याच आठवड्यात त्यांना जळगावला माझ्या घरी घेऊन आले.

आले, पण पाहुण्यासारखे. आमच्याकडे बाप लेकीच्या घरी मुक्काम ठोकत नाही. जुनी माणसं तर लेकीच्या घरचं पाणीसुद्धा पीत नसत. आबा पाणी पितात, पण पेला स्वतः विसळून ठेवतात. जावई घरात असला की खुर्चीत पाठ टेकून बसत नाहीत. त्यांना घरातल्यासारखं वाटायचं ते फक्त टीव्हीसमोर. बातम्या लागल्या की पाठ टेकायची, पाय लांब व्हायचे, आणि माझा जीव जरा खाली बसायचा.

एप्रिल लागला, कूलर सुरू झाला आणि तिथून सगळं बिघडलं. आमच्या कूलरच्या आवाजात मलाच फोनची रिंग ऐकू येत नाही, तिथे आबांचं काय. ते टीव्हीचा आवाज वाढवत गेले. कानाचं मशीन आहे, पण ते लावलं की म्हणे कूलरच डोक्यात शिरतो, म्हणून ते खणात पडलेलं. आमचं घर रांगेतलं, आणि टीव्ही टांगलाय नेमका शेजाऱ्यांच्या आणि आमच्या सामाईक भिंतीवर. एक दिवस शेजारीण फाटकाशी येऊन गोड आवाजात म्हणाली की मुलीची परीक्षा आहे, जरा बघा ना. मी हो हो म्हटलं. आबा दारापुढच्या ओट्यावर बसले होते. त्यांना काय ऐकू जाणार, म्हणून मी त्यांना काही सांगितलंही नाही. संध्याकाळी त्यांनी टीव्ही लावलाच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. काळ्या पडद्याकडे बघत बसायचे.

आता माझा स्वभाव सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळेच. मी शाळेत मास्तरीण, आवाज शेवटच्या बाकापर्यंत जातो, आणि राग नाकाच्या शेंड्यावर. त्या आठवड्यात उत्तरपत्रिकांचा ढीग, उकाडा, त्यात रोज सकाळी आबांना जिवंत बघेपर्यंत छातीत होणारी धडधड. पुढच्या पंधरवड्यात आखाजी होती. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, खान्देशात लेकीबाळींचा सण. दिवाळीला एकवेळ लेक माहेरी आली नाही तरी खपेल, आखाजीला आलीच पाहिजे. मी लग्नानंतर एकही आखाजी चुकवलेली नव्हती. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून, दोडक्याच्या शिरा काढता काढता, नवऱ्याला हळूच म्हणाले, "यंदा मी आखाजीला कुठे जाऊ? माझं माहेर इथेच खुर्चीत येऊन बसलंय." नवरा हसला. मीही हसले, पण आत कुठेतरी रडूच आलं होतं. पिशवी खाली आली ती याच्या दुसऱ्या दिवशी.

तेव्हा मी या दोन गोष्टी एकमेकींना जोडल्या नाहीत. मला वाटलं, सगळा दोष टीव्हीचा. त्यांना ऐकू आलं, शेजाऱ्यांना त्रास झाला नाही, की पिशवी आपोआप माळ्यावर जाईल. म्हणून बिनतारी स्पीकरची जोडी आणली. वायरवाले चालले नसते, कारण टीव्ही भिंतीला इतका घट्ट बसवलाय की मागे बोट जात नाही, मग पिन कुठून जाणार. हे छोटे स्पीकर आबांच्या खुर्चीच्या दोन बाजूंना स्टुलांवर ठेवायचे, आवाज त्यांच्या कानाशी, भिंतीला त्रास नाही. नवरा भुसावळला अप-डाऊन करतो, घरी येतो तो दमून. म्हणाला, "रविवारी बघू." रविवारपर्यंत पिशवी भरली गेली असती. मी दुपारीच खोकं फोडलं.

आबा खुर्चीत बसून माझे उद्योग बघत होते. आधी दोन्ही स्पीकरची एकमेकांशी गाठ घालायची होती. बटण दाबून धरलं, एकाचा दिवा निळा झाला, दुसरा लुकलुकतच राहिला. तीनदा केलं. माझ्या बोटांना घाम सुटून बटण निसटायला लागलं. मनात एकच: हे जमलं नाही तर आबा जाणार, आणि पुन्हा कुठल्यातरी सकाळी दूधवाला दार वाजवणार. चौथ्यांदा दोन्ही दिवे स्थिर झाले. मग टीव्हीच्या सेटिंगमध्ये शिरले. आवाज, त्यात आवाजाचं ठिकाण, त्यात शोधा. यादीत चार नावं आली. एक कोणाचा तरी फोन, दोन नुसते आकडे. चुकून शेजाऱ्यांच्याच कशाला जोडलं गेलं तर आमच्या बातम्या त्यांच्या घरात वाजायच्या, म्हणजे हात दाखवून अवलक्षण. खोक्यावरचा आकडा दोनदा वाचून मी योग्य त्या नावावर बटण दाबलं.

टीव्ही मुका झाला. आणि मग आबांच्या खुर्चीच्या दोन्ही बाजूंनी बातम्या देणारी बाई बोलायला लागली, स्वच्छ, अगदी शेजारी बसून बोलल्यासारखी. भिंत गप्प होती. मला इतका आनंद झाला की मी आबांच्या तोंडासमोर जाऊन हाताने विचारलं, कसं काय?

आबांनी मान डोलावली. पण कपाळाला आठी होती. ते पडद्याकडे एकटक बघत होते.

"आवाज चांगला शे," ते म्हणाले. "पन तोंड पहिले हालस, आवाज मांगतून येस."

मी वैतागलेच. एवढं सगळं करून वर खोट काढायची. मला तर काहीच जाणवलं नव्हतं. मग नीट निरखून पाहिलं, तेव्हा कुठे दिसलं: बाईचे ओठ मिटायचे आणि शब्दाचं शेपूट त्यानंतर यायचं. डोळ्याची पापणी लवावी इतकाच उशीर. सेटिंगमध्ये त्यासाठी एक पट्टी होती. मी ती एकेक आकडा सरकवत गेले आणि आबा पडद्याकडे बघत मानेने नाही म्हणत गेले. नाही. नाही. अजून. मग एकदम, "आते बरोबर."

पट्टी सरकवताना माझा हात मध्येच थांबला होता. मला दोन्ही कानांनी जे कळलं नाही ते त्यांना कसं कळलं? ते आवाज ऐकून फरक सांगत नव्हते. ते ओठ वाचत होते, आणि आवाज त्या ओठांशी ताडून बघत होते.

मग जिनिंग आठवलं. लहानपणी मी तिथे डबा घेऊन जायची. रेचे सुरू असताना आत कोणी ओरडत नसे, ओरडून उपयोगच नव्हता. माणसं तोंडं मोठी करून, आवाज न काढता बोलत. या टोकाचा त्या टोकाच्याला सांगे, पट्टा सुटलाय, चहा आलाय, साहेब येतोय. मी दारात उभी राहून नुसते ओठ हलवायची, आई लवकर बोलावते, आणि आबा तिकडून हात वर करायचे. मला हे सगळं माहीत होतं. माहीत असून मी विसरले होते, आणि गेले चार महिने मी या माणसासमोर, त्याला ऐकू येत नाही म्हणून, वाटेल ते बोलत होते.

मी घाबरले, हे सरळ सांगते. खाली फरशीवर बसून एकेक आठवायला लागले. शेजारीण फाटकाशी बोलली तेव्हा तिचं तोंड ओट्याकडे होतं. डॉक्टरांकडून आल्यावर मी फोनवर मैत्रिणीला म्हणाले होते की रात्री झोप लागत नाही, त्यांच्या श्वासाकडे कान असतो. दुधाचं पातेलं उतू गेलं तेव्हा म्हणाले होते, सगळं मीच करायचं का. आणि स्वयंपाकघराचं दार. ते दार टीव्हीला लागूनच, कोपऱ्यालगतच्या भिंतीत आहे. खुर्चीतून टीव्ही जितका समोर दिसतो तितकंच ते दार दिसतं, आणि दारात उभी मी, हातात दोडका.

मी उठले आणि त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसले. "आबा, त्या दिवशी दारात मी जे बोलले ना..." मास्तरकी तिथे काही कामाची नव्हती. मला वाटलं ते म्हणतील, कोणत्या दिवशी? किंवा रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं, पाय धरले असते.

"तू खोटं काय बोलनी?" आबा म्हणाले. आवाज शांत होता. "आखाजीले लेक माहेरले येस. मी आठेच ऱ्हायनू तं तू कोठे येशी?"

म्हणजे जाण्याचं कारण टीव्ही नाही, शेजारीण नाही, जावयाचं घरही नाही. ते माझं माहेर उघडायला निघाले होते. चार महिन्यांची धूळ झाडायची, तुझ्या आईच्या नावाने आखाजीची घागर भरायची, असं ते बोटांवर मोजून सांगायला लागले. आणि मग, "निमले झोका बांधना पडी." आखाजीला माहेरी आलेल्या लेकी झोके घेतात, पण चोपन्न वर्षांच्या लेकीसाठी ब्याऐंशी वर्षांचा बाप कडुनिंबाला झोका बांधणार, म्हणजे पुन्हा स्टूल, पुन्हा तोल, आणि खाली कोणी नाही. मला रडू येत होतं आणि त्यांना गदागदा हलवावंसंही वाटत होतं.

नाही म्हणायला मी तोंड उघडलं. त्यांचे डोळे माझ्या ओठांवर होते, वाट बघत, जिनिंगच्या दारात मी डबा घेऊन उभी असायची तेव्हा असायचे तसे. मी आवाज काढलाच नाही. नुसते ओठ हलवून येते म्हणाले, "येसू, आबा."

त्यांनी हात वर केला.

"आनि आखाजी झाल्यावर?" मी तसंच, बिनआवाजी विचारलं. "परत येशात ना मनासंगे, जळगावले?"

आबांनी नजर टीव्हीकडे वळवली. बहिऱ्या माणसाला प्रश्न टाळायला एवढंच पुरतं. मी रिमोट उचलला आणि टीव्ही बंद केला. स्पीकरचे निळे दिवे टीव्हीला शोधत लुकलुकायला लागले. आता बघायला माझ्याखेरीज काही उरलं नव्हतं. मी तोच प्रश्न पुन्हा विचारला, हळू, एकेक अक्षर.

त्यांनी माझे ओठ शेवटच्या अक्षरापर्यंत वाचले. मग म्हणाले, "तू ये ते खरी. मंग दखू."

संध्याकाळी नवऱ्याने कबूल केलं की शनिवारी तो त्यांना धुळ्याला सोडेल आणि झोका स्वतः बांधून येईल. मी पिशवी भरायला घेतली. शनिवारपासून आखाजीपर्यंतचे दिवस चार, आखाजीच्याच संध्याकाळी त्यांना परत आणायचं, म्हणून सदरेही चारच, घडी करून ठेवले. आबा खुर्चीतून उठले, कपाटापाशी गेले, पाचवा सदरा आणून त्या चारांवर ठेवला आणि चेन लावायला वाकले.