पद्मिनीबाईंनी सिनेमात घेतलेला उखाणा

पद्मिनी डहाके रंगानं काळी, अंगानं उंच आणि बोलायला खणखणीत. सरकारी कार्यालयात तिची तीस वर्षं गेली, पण रायपूरच्या समता कॉलनीतल्या मराठी महिला मंडळात तिची ओळख एकच: उखाणा घ्यावा तर पद्मिनीनं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका तिच्यासाठी खोळंबून राहायच्या. यज्ञेश्वररावांचं नाव ती असं गुंफायची की नव्या सुना हातातला चहा विसरायच्या.

हे यज्ञेश्वरराव नऊ वर्षांपूर्वीच शहराबाहेरच्या कारखान्यांच्या वस्तीत, उरल्याला, दुसऱ्या बाईच्या घरी राहायला गेले होते. ठाऊक होतं फक्त पद्मिनीला आणि तिच्या मुलीला, स्वरदाला. बाकीच्यांना सांगितलेलं, कारखान्यात पाळ्या असतात, तिथंच क्वार्टर मिळालंय. हे खोटं ती आता तर अधिकच जिवापाड जपायची, कारण स्वरदाचं लग्न मंडळातल्याच शारदाताईंच्या विशालशी ठरलं होतं.

मग मुंबईहून सिनेमावाले नव्या रायपुरात उतरले. नवराबायको एकमेकांच्या संमतीनं बाहेर प्रेम करतात आणि त्यातून होणारी गंमत, असा विषय. ऐकून पद्मिनीला हसावं की रडावं कळेना. "मैम, हमें हर तरह के चेहरे चाहिए," निवड करणारी पोरगी म्हणाली, आणि नायकाची बँकेत काम करणारी बहीण पद्मिनीला मिळाली. महिनाभर तिनं आरशापुढं संवाद घोकले.

शूटिंगच्या दिवशी बहीण म्हणून एक गोरीपान नटी उभी, आणि पद्मिनीच्या हातात मळकी साडी न् पोछा. "दीदी, ये रोल ज़्यादा मज़ेदार है," दिग्दर्शक म्हणाला. डोंबलाचं मजेदार! मुंबईच्या सिनेमात मराठी बोलणारी काळी बाई भांडी घासायलाच येते, हे काय पद्मिनीला माहीत नव्हतं? तिनं तडक घरी जायला हवं होतं. पण ऑफिसभर, मंडळभर सांगून झालं होतं. तिनं साडी नेसली.

मालकिणीनं आपल्या लग्नाची नवी रीत सांगायची आणि बाईनं "अपनी बोली में कुछ भी" बोलायचं, असा प्रसंग. कॅमेरा सुरू झाला. अपमानानं आधीच धुमसत असलेल्या पद्मिनीच्या तोंडून सवयीनं निघून गेलं:

"मॅडमच्या घरी परवानगीचा थाट,
यज्ञेश्वररावांनी न विचारताच धरली उरल्याची वाट."

सगळे खिदळले. पद्मिनी मात्र दिग्दर्शकाकडं धावली. "भैया, इसको निकाल दो. गलती से निकल गया," ती हात जोडून म्हणाली.

"अरे दीदी, यही तो असली है!"

सिनेमा लागला तेव्हा मंडळानं कौतुकानं अख्खी रांग बुक केली; स्वरदा आणि विशालही आले. पद्मिनीनं तो तुकडा कापला असेल अशी आशा धरली होती. तो कापला नव्हता. उखाणा आला आणि थिएटर हसून लोटपोट झालं. मंडळाच्या रांगेतल्या माना मात्र पद्मिनीकडं वळल्या.

"काहून वं पद्मिनी," शारदाताई हळूच म्हणाल्या, "हे खरं हाय का?"

नऊ वर्षं लीलया खोटं बोलणाऱ्या बाईला त्या क्षणी एकही खोटं सुचलं नाही.

पलीकडून स्वरदा रडवेल्या आवाजात पुटपुटली, "आई, पापा का नाम क्यों लिया?"

"नाव घेतल्याबिगर उखाणा होत नाही, बेटा."

शारदाताईंनी पर्स उचलली आणि त्या बाहेर पडल्या. विशाल अर्धवट उठला, त्यानं स्वरदाकडं पाहिलं, आणि मग तोही आईच्या मागोमाग गेला.